'एकच एस-कर्व्ह प्रत्येक फोटोला': या सल्ल्याचा प्रतिवाद

ठाणे आणि नवी मुंबईतल्या हौशी छायाचित्रकारांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश गेले काही महिने फिरतो आहे. त्याचा आशय असा: 'कॅमेऱ्यातून येणारा प्रत्येक फोटो फिकाच असतो. टोन कर्व्हमध्ये (फोटोची उजळता बदलणाऱ्या आलेखात) 64 चा बिंदू 48 वर आणि 192 चा बिंदू 208 वर न्या, एस आकार तयार होईल. तो प्रीसेट म्हणून साठवा आणि प्रत्येक फोटोला लावा. कॉन्ट्रास्ट (उजळ-गडद छटांमधला फरक) सगळीकडे वाढतो, जळलेले (पूर्ण पांढरे पडलेले) आकाश परत येते, रंग बदलत नाहीत, आणि फिल्मच्या काळातही हेच केले जात असे.' नव्याने शिकणारी अनेक मंडळी हा सल्ला जसाच्या तसा पाळतात आणि त्यांचे चांगले फोटो बिघडतात, म्हणून त्यातल्या प्रत्येक विधानाला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत मोठी चूक 'कॉन्ट्रास्ट सगळीकडे वाढतो' या विधानात आहे. कर्व्हच्या आडव्या अक्षावर फोटोतली मूळ उजळता असते, उभ्या अक्षावर बदललेली. 0 म्हणजे पूर्ण काळा, 255 म्हणजे पूर्ण पांढरा. रेषा जिथे मूळ तिरप्या रेषेपेक्षा अधिक चढी होते तिथे शेजारच्या छटांमधले अंतर वाढते, आणि जिथे ती सपाट होते तिथे ते अंतर घटते. रेषेची दोन्ही टोके जागच्या जागी असतील, तर एका भागात वाढवलेला चढ दुसऱ्या भागातून काढून घेतलेला असतो. संदेशातलेच आकडे पाहू. 64 ते 192 या मधल्या 128 पायऱ्या 160 पायऱ्यांवर पसरतात, म्हणजे तिथला चढ सरासरी 1.25 होतो, पण 192 ते 255 या वरच्या 63 पायऱ्यांना आता 47 पायऱ्यांतच बसावे लागते, आणि तिथला चढ जेमतेम 0.75 उरतो. खालच्या 64 पायऱ्यांचीही तीच गत होते.

याचा परिणाम कुठे दिसतो ते सांगतो. ऐरोलीहून सुटणाऱ्या बोटीतून ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगोंचे) फोटो आपल्यापैकी अनेकांनी काढले आहेत. मोठ्या रोहितची पिसे फिकट, जवळजवळ पांढरी असतात, आणि नीट एक्स्पोज केलेल्या फोटोत त्यांचा बहुतेक तपशील साधारण 200 ते 245 या पट्ट्यात असतो. हा एस लावला की त्या 45 पायऱ्यांच्या सुमारे 34 उरतात. मागचा चिखल आणि तिवरांची पाने उठावदार होतात, आणि ज्या पक्ष्यासाठी पहाटे उठून भरतीची वेळ गाठली त्याच्या पिसांमधला थर दिसेनासा होतो. गुढीपाडव्याला कौपिनेश्वर मंदिराच्या परिसरात, सावलीत उभ्या असलेल्या बाईंच्या गडद हिरव्या नऊवारीचेही हेच होते. तिच्या चुण्या काळ्या भागात दबून जातात.

'प्रत्येक फोटो फिकाच असतो' हेही खरे नाही. कॅमेरा किंवा मोबाइल जेपेग तयार करतो तेव्हा त्याने स्वतःचा कर्व्ह आधीच लावलेला असतो, आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, फाइलींसाठीची बहुतेक सॉफ्टवेअरही फाइल उघडतानाच एक मूळ कर्व्ह लावून दाखवतात. अशा फोटोवर पुन्हा एस म्हणजे एसवर एस. शिवाय जेपेगमध्ये लाल, हिरव्या आणि निळ्या अशा प्रत्येक रंगवाहिनीला 256 पायऱ्याच असतात. 128 पायऱ्या 160 जागांवर ताणल्या की मधल्या काही जागा रिकाम्या राहतात, आणि पाम बीच रस्त्यावरून टिपलेल्या पहाटेच्या सलग आकाशात पट्टे दिसू लागण्याची शक्यता वाढते.

जळलेल्या आकाशाबद्दल फार बोलण्याची गरज नाही. कर्व्ह एका मूळ मूल्याला एकच नवे मूल्य देतो. आकाशाचे सगळे पिक्सेल 255 असतील तर कर्व्ह कितीही खाली ओढला तरी ते सगळे एकाच करड्या रंगाचे होतील, ढग उमटणार नाही. 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये 16,384 पायऱ्या असतात आणि उजळ भागात बरेचदा काही तपशील शिल्लक असतो, पण तो एक्स्पोजर आणि हायलाइट्सच्या स्लायडरने आधी खाली आणावा लागतो. संदेशातला एस तर वरचा भाग आणखी वर ढकलतो.

रंगांचा मुद्दा मात्र अधिक फसवा आहे. सॉफ्टवेअरमधला नेहमीचा एकत्रित कर्व्ह लाल, हिरव्या आणि निळ्या वाहिनीला वेगवेगळा लागू होतो. त्वचेचा एखादा पिक्सेल 200, 150, 120 असा असेल, तर या एसनंतर तो सुमारे 214, 156, 118 होतो. लाल आणि निळ्यातले अंतर 80 वरून 96 वर जाते आणि चेहरा तांबूस दिसतो. लग्नाच्या अल्बममधले भगवे चेहरे बरेचदा याच कारणाने तयार होतात. फोटोशॉपमध्ये कर्व्हच्या थराचा ब्लेंड मोड (थर खालच्या फोटोत मिसळण्याची पद्धत) 'ल्युमिनॉसिटी', म्हणजे फक्त उजळता बदलणारा, ठेवला तर हा बदल बऱ्याच अंशी टळतो, पण संदेशात त्याचा उल्लेखही नाही.

फिल्मचा दाखला देणाऱ्यांनी तो अर्धाच दिला आहे. हर्टर आणि ड्रिफील्ड या संशोधकांनी 1890 मध्ये प्रकाश आणि निगेटिव्हची घनता (काळेपणा) यांचा संबंध मांडला आणि त्यांच्या आलेखाचा आकार एससारखा होता, हे बरोबर आहे. पण डार्करूममध्ये काम करणारा माणूस प्रत्येक निगेटिव्हला एकच कागद वापरत नसे. फोटो छापायचे ब्रोमाइड पेपर सॉफ्ट, नॉर्मल, हार्ड अशा कमी-जास्त कॉन्ट्रास्टच्या श्रेणींत मिळत, आणि निगेटिव्ह पाहून श्रेणी निवडणे हीच त्याची कसोटी होती. म्हणजे फिल्मची परंपरा या सल्ल्याच्या बाजूची नाही, ती त्याच्या थेट विरोधात आहे.

एस निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. येऊरच्या डोंगरावर धुके असताना काढलेल्या फोटोत सगळा हिस्टोग्राम (कोणत्या उजळतेचे किती पिक्सेल आहेत ते दाखवणारा आलेख) मध्यभागी, समजा 90 ते 170 च्या दरम्यान, गोळा झालेला असतो. तिथे दोन्ही टोके आत घेऊन मधला चढ वाढवला की डोंगराची धार नेमकी उमटते, आणि टोकांना काहीच नसल्यामुळे तिथून काही हिरावलेही जात नाही. पण खाडीतल्या त्या रोहितसाठी मी 200 चा बिंदू 176 वर आणतो आणि 245 चा जागीच ठेवतो. पिसांच्या 45 पायऱ्यांना आता 69 मिळतात. 0 ते 200 पर्यंतचा भाग 176 पायऱ्यांत बसतो, म्हणून चिखलाचा तपशील थोडा दबतो, आणि त्या फोटोत तो दबला तरी चालतो.