काय कापायचं ते पोरींना ठरवू द्या

8 मार्च जवळ आला की मला फोन यायला लागतात. "मॅडम, महिला दिन आहे, मुलींना एखादा प्रेरणादायी चित्रपट दाखवायचाय, नाव सुचवा." मी नावं सुचवतेही. पण यंदा प्रत्येकाला त्याच्यासोबत आणखी एक गोष्ट सांगितली, तीच इथं सविस्तर लिहिते. चित्रपट जरूर दाखवा. मात्र पुढच्या वर्षी मुलींनी स्वतः केलेला दाखवायचा, हे आजच ठरवा. आणि त्यात काय ठेवायचं, काय कापायचं, हे संस्थेनं किंवा सरांनी ठरवायचं नाही. मुलींनी ठरवायचं.

आपण सांगलीकर नाट्यपंढरीचा अभिमान बाळगतो, आणि तो रास्त आहे. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीता स्वयंवर' उभं केलं, म्हणून आजही 5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. पण त्या नाटकात सीता झाला तो पुरुषच. पुढं सत्तर वर्षांनी, 1913 मध्ये, दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीसाठी बाई मिळेना, ते काम अण्णा साळुंके यांनी केलं. त्याच वर्षी फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई पडद्यावर आल्या. त्या काळी घरंदाज बाईनं असं लोकांसमोर उभं राहायचं म्हणजे काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल! या मायलेकींचं नाव आपल्या किती मुलींना माहीत आहे? बालगंधर्वांच्या नागठाण्यापासून आमचं गाव लांब नाही, त्यांच्या गाण्यापुढं मी आजही हात जोडते. पण बाईनं कसं चालावं, पदर कसा घ्यावा, रुसावं कसं, याचे धडे एकेकाळी बायका एका पुरुषाकडं बघून घेत होत्या, ही गोष्ट मला कायम विचारात पाडते.

गोष्टी सांगणाऱ्यांची आपल्याकडं कधीच वाण नव्हती. माडगुळ्याचे गदिमा आणि व्यंकटेश माडगूळकर, आटपाडीचे शंकरराव खरात, वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. एकाच जिल्ह्यातली ही माणसं. त्यांच्याइतकंच सांगण्यासारखं त्यांच्या आया-बहिणींजवळही होतं. ते जात्यावर सांगितलं गेलं, पहाटे, अंधारात, ऐकायला दुसरी बाईच. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एक लाख! तेवढं बोलणं होतं, त्याला व्यासपीठ तेवढं नव्हतं.

साताऱ्याकडं बघा. सावित्रीबाई नायगावच्या, खंडाळा तालुक्यातल्या. 3 जानेवारीला आपण पोरींना नऊवारी नेसवून, कुंकू लावून भाषणं म्हणायला लावतो. भाषण बहुतेक वेळा गुरुजींनी लिहून दिलेलं असतं. पण सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे आठवा. मातंग समाजातली पोर, वय असेल चौदा-पंधरा. तिनं आपल्या लोकांवर काय गुदरतं ते स्वतः लिहिलं आणि तो निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिला कुणी पाठ करायला दिलं नव्हतं. त्या शाळेचं मोठेपण मला इथं दिसतं. सावित्रीबाईंचा वेश करणाऱ्या मुली आपण शेकड्यांनी तयार करतो, मुक्ता किती तयार करतो?

आता हौसाताई पाटलांचं सांगते, कारण हे प्रत्येक सांगलीकर मुलीला पाठ असायला हवं. क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक. प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध आपल्या भागात चाललेल्या समांतर सरकारच्या दिवसांत, 1943 मध्ये, भवानीनगरच्या पोलीस ठाण्यातली हत्यारं पळवायची होती. ठरलं असं की ठाण्यासमोर नवरा-बायकोचं भांडण लावायचं. सतरा वर्षांच्या हौसाताई बायको झाल्या, एक साथीदार नवरा झाला, आणि त्यानं भर रस्त्यात त्यांना मारायला सुरुवात केली. पोलीस सोडवायला बाहेर आले आणि इकडं बाकीच्यांनी हत्यारं उचलली. मार खरा बसला होता. हे सगळं हौसाताईंनी म्हातारपणी पत्रकार पी. साईनाथ आणि त्यांच्या 'परी' या ग्रामीण भारताच्या गोष्टी नोंदवणाऱ्या संकेतस्थळाच्या चमूला कॅमेऱ्यासमोर सांगितलं, म्हणून आज ते जसंच्या तसं, त्यांच्या आवाजात ऐकता येतं. 2021 मध्ये त्या गेल्या. प्रतिसरकारात भाकऱ्या पोचवणाऱ्या, निरोप नेणाऱ्या, भूमिगतांना माळ्यावर लपवणाऱ्या कितीतरी बायका कुंडल, वाळवा, कासेगाव या टापूत होत्या. त्यांच्या नातींच्या हातात वेळेवर मोबाइल आणि दोन-चार नेमके प्रश्न असते तर! हे लिहिताना आजही जीव तुटतो.

आमच्या भागातल्या मुलींबरोबर मी जे काम करते ते साधं आहे. नववी-दहावीच्या मुली, चौघींत एक मोबाइल, एक कॉलर माइक. पाच-सात मिनिटांची फिल्म करायची, विषय घरातला किंवा गावातला. दर वेळी दिग्दर्शक वेगळी, कॅमेरा वेगळीकडं. तासगाव-कवठेमहांकाळकडं द्राक्षबागा, म्हणून एकीनं आईच्या कामाचा विषय घेतला. आई टोळीबरोबर डिपिंगला जाते, म्हणजे औषधाच्या पाण्यानं भरलेल्या मगात एकेक घड बुडवायचा. मंडपाखाली मान वर, हात वर, दिवसभर. आई म्हणाली, "माझं काय काढतीस गं? बागंचं काढ की. आन् त्वांड नगं दिसाया." पोरगी हट्टाला पेटली नाही. तिनं फक्त आईचे हात घेतले. बोटांच्या पेरांपाशी कातडी सोललेली, नखं औषधानं पिवळी पडलेली, आणि त्या बोटांची घड धरायची रीत अशी की एक मणी दुखावू नये. घेता घेता तिनं विचारलं, "आये, तुला हे कुणी शिकवलं?" आणि आई बोलायला लागली. सासूनं कसं शिकवलं, विरळणीला कोणता मणी काढायचा ते नजरेला कसं कळतं, छाटणीनंतर पेस्ट लावताना डोळे कसे चुरचुरतात. मग आपसूकच निघालं, की फवारणीच्या गड्याची हजेरी, म्हणजे रोजची मजुरी, जास्त, आमची कमी, आणि घड बिघडला तर बोलणी मात्र आम्हालाच.

शाळेच्या पटांगणात संध्याकाळी पांढऱ्या चादरीवर ती फिल्म दाखवली. ज्यांच्या बागेत शूटिंग झालं ते मालकही आले होते. संपल्यावर म्हणाले, "चांगलं केलंय पोरी. तेवढं हजेरीचं काढून टाक, उगाच वाद नको." माणूस वाईट नाही, शूटिंगला परवानगी त्यांनीच दिली होती. सगळे गप्प. मी बोलणार होते, पण ती पोर माझ्याआधी उभी राहिली. "काका, बाग तुमची हाय, तुम्हाला बागेचं नाव नको असलं तर काढते. पण हजेरीचं आई बोललीय. ते काढायचं का न्हाई, ते आईला विचारते." तिथंच, सगळ्यांसमोर विचारलं. आई मागं बायकांत बसली होती. म्हणाली, "ऱ्हाऊ दे. खरं हाय ते." काका थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "बरं, ऱ्हाऊ दे." बागेचं नाव काढलं, हजेरी राहिली.

नेतृत्व नेतृत्व म्हणून आपण शिबिरांत जे शिकवायला जातो, ते मला त्या पाच मिनिटांत दिसलं. ज्याचं आहे त्याला विचारायचं, ज्याचं नाही त्याला नम्रपणे नाही म्हणायचं, आणि चारचौघांत उभं राहून म्हणायचं. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना 50 टक्के आरक्षण आहे. तरी कितीतरी गावांत खुर्ची बाईची आणि बोलणं तिच्या नवऱ्याचं, हे आपण सगळे बघतो. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायचा नियम आहे, तीही बऱ्याच ठिकाणी सह्यांपुरती उरते. ज्या बाईला चाळिसाव्या वर्षापर्यंत कुणी "तुझं मत काय?" असं विचारलंच नाही, तिला एकदम सरपंच करून माइक हातात दिला तर ती गांगरणारच. ही सवय पंधराव्या वर्षी लागली पाहिजे.

कॅमेरा यासाठी भाषणापेक्षा बरा, असं माझं अनुभवानं झालेलं मत आहे. भाषण पाठ करता येतं, फिल्म पाठ करता येत नाही. कुठं उभं राहायचं, कुणाला बोलतं करायचं, कुठं थांबायचं, हे जागेवर ठरवावं लागतं. तेलंगणात झहीराबादकडं डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या शेतकरी बायका, बहुतेक दलित, अक्षरओळख नसलेल्या, गेली वीसेक वर्षं स्वतः व्हिडिओ करतात. समोरच्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून घेतलेल्या शॉटला त्या 'संघम शॉट' म्हणतात, कारण त्यांच्या संघममध्ये, म्हणजे बायकांच्या गटात, सगळ्याजणी एका पातळीवर बसतात. आमच्या मुलींना हे सांगितल्यापासून म्हाताऱ्या आजीचं शूटिंग करताना कुणी उभी राहत नाही. आपोआप जमिनीवर बसतात.

आपल्याकडं सुमित्रा भावे होत्या. मूळच्या समाजकार्याच्या प्राध्यापक. ज्या वस्तीतल्या बायकांचा अभ्यास केला त्यांच्यापर्यंत तो पोचावा म्हणून त्या चित्रपटाकडं वळल्या, आणि 1985 मध्ये 'बाई' केला. साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी हे सामुदायिक रेडिओ केंद्र 2008 पासून चालू आहे. माणदेशी बोलीतली बाई रेडिओवर बोलते, आणि ऐकणाऱ्या बाईला वाटतं, ही तर आपल्यासारखंच बोलते की! या वाटा आपल्या दाराशीच आहेत.

दुसरीकडं काय दिसतं? वाई, मेणवली, पाचगणीत वर्षभर मोठमोठी शूटिंग होतात. 'स्वदेस' मेणवलीच्या घाटावर झाला, आजही लोक तो घाट बघायला येतात. गावातल्या बायकांना गर्दीत उभं राहायचं काम मिळतं, दोन पैसे मिळतात, चांगलंच आहे. पण त्याच गावातल्या मुलीला साउंड रेकॉर्डिंग, संकलन, कॅमेरा यांतलं काही शिकायला मिळालं तर तो तिचा पोटापाण्याचा धंदा होईल. एफटीआयआय, चित्रपट शिकवणारी पुण्यातली सरकारी संस्था, आपल्यापासून तीन-चार तासांवर. आमच्याकडच्या किती आईबापांनी ते नाव लेकीच्या करिअरसाठी ऐकलंय?

आणि महिला दिनाच्या शॉर्टफिल्म स्पर्धांबद्दल एकदा स्पष्ट लिहायचंय. मी परीक्षक म्हणून बसलेय. बहुतेक फिल्ममध्ये मुलगी रडते, मार खाते, शेवटी आत्महत्या करते, नाहीतर कुणी साहेब येऊन तिला वाचवतात. फिल्म करणारी मुलं मनापासून करतात, त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण सभागृहात बसलेली मुलगी त्यातून घेऊन काय जाते? की आपल्या आयुष्यात घडण्यासारखं फक्त दुःख आहे. छळ दाखवूच नका असं मी म्हणत नाही. म्हैसाळ आपल्याच मिरज तालुक्यात आहे. 2017 मध्ये तिथं 19 भ्रूण सापडले, ते आपण विसरून चालणार नाही. पण मुलींना स्वतः विषय निवडू दिला की त्या काय निवडतात बघा. बसपासवरून येणारी अडचण. शाळेतलं बंद पडलेलं स्वच्छतागृह. कबड्डी सोडायला लावलेली मैत्रीण. मोठ्या बहिणीचं दहावीनंतर ठरलेलं लग्न. एनएफएचएस-5, म्हणजे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या जवळपास 22 टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. त्या आकड्यातली एक जण यांच्या घरात भांडी घासत असते, आणि तिला काय वाटलं ते धाकटीच विचारू शकते.

पालक म्हणतात, "मोबाइल हातात दिला की पोरगी बिघडते." त्यांची भीती मी खोटी मानत नाही. फोटो पसरवणारे, घाणेरडं लिहिणारे आहेतच. म्हणून आमचे नियम कडक आहेत. फिल्म नेटवर टाकायची नाही, पेन ड्राइव्हवर ठेवायची. ज्यांचं चित्रण केलं त्यांना आधी दाखवायची, त्यांनी नको म्हटलं तर तो भाग काढायचा. पण त्याच 2019-21 च्या पाहणीत देशात 15 ते 49 वयोगटातल्या साधारण 54 टक्केच बायकांकडं स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. मुलाला आठवीत मिळालेला फोन मुलीला कॉलेज संपेपर्यंत मिळत नाही, आणि मग आपणच म्हणतो की मुलींना टेक्निकलचं कळत नाही. धोका आहे म्हणून तिला सायकल शिकवायची थांबवली का आपण? सोबत धावलो, मग सोडली.

तर ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी: लागतं फार थोडं. शाळेचा प्रोजेक्टर बहुधा कपाटात असतो, तो बाहेर काढा. फुकट मिळणारं एडिटिंगचं ॲप मुली दोन दिवसांत शिकतात. शनिवारची अर्धी सुट्टी पुरते. एखादी शिक्षिका किंवा अंगणवाडी ताई सोबत हवी, म्हणजे घरचे निर्धास्त राहतात. ग्रामपंचायतीनं महिला सभेच्या दिवशी अर्धा तास द्यावा आणि मुलींच्या फिल्म तिथं लावाव्यात, मग सभेला बायका येतात की नाही बघा. पाहुण्यांचे सत्कार कमी करा, तो वेळ फिल्मनंतरच्या बोलण्याला द्या, आणि पहिला प्रश्न मुलींना विचारू द्या.

तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज, पलूस, आणि इकडं माण-खटाव, वाई भागातल्या ज्या शिक्षिका, सरपंच, बचत गटाच्या ताई हे करायला तयार असतील त्यांनी खाली फक्त गावाचं नाव लिहा. पहिले दोन शनिवार मी येईन, आणि माझ्यासोबत मागच्या वर्षीच्या मुली येतील. शिकवायचं काम त्या करणार आहेत.