गोळ्या वाटल्या, पुढे काय?

गरोदर स्त्रिया रक्तवाढीच्या (लोह आणि फॉलिक ॲसिडच्या) गोळ्या नियमित घेत नाहीत याचे खापर आपल्याकडे त्यांच्या अज्ञानावर फोडले जाते आणि उपाय म्हणून जनजागृतीचा आणखी एक पंधरवडा पार पडतो. इंग्लंडमध्ये राहून हा वाद वाचताना मला हे निदानच चुकीचे वाटते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातील ५२ टक्के गर्भवती रक्तक्षयी आढळल्या आणि १८० दिवस गोळ्या घेतलेल्या माता जेमतेम २६ टक्के निघाल्या, हे खरे. पण गर्भ राहण्याआधीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत घ्यायची फॉलिक ॲसिडची गोळी इथल्या शिकल्यासवरलेल्या बायकाही सर्रास चुकवतात. अखेर पांढऱ्या पिठातच ते मिसळण्याचा कायदा २०२४ मध्ये करावा लागला.

लोहाची गोष्ट वेगळी. इथे लोहाची गोळी सरसकट देत नाहीत. सुरुवातीला आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात रक्त तपासून गरज दिसली तरच देतात. हीच पद्धत आपल्याकडे आणा, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, कारण जिथे निम्म्या गर्भवती रक्तक्षयी आहेत तिथे अहवालाची वाट पाहत बसणे परवडणारे नाही. घेण्यासारखी आहे ती पुढची विचारपूस: गोळी सोसत नसेल तर ती एक दिवसाआड घ्यायलाही सांगतात, पण बंद होऊ देत नाहीत.

आपल्याकडे माझ्या गरोदर भाचीच्या तपासणी कार्डावर गोळ्या मिळाल्याच्या सगळ्या खुणा होत्या आणि लाल गोळ्यांची पाकिटे कपाटात जशीच्या तशी पडून होती. शौचाला काळे झाल्याने ती घाबरली होती. त्यात सासूबाईंचे म्हणणे, या गोळ्यांनी बाळ फार वाढते आणि मग सिझर करावे लागते. काळा रंग निरुपद्रवी असतो, रात्री जेवून झोपताना गोळी घेतल्यास मळमळ कमी जाणवते, चहा आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून दोन तास लांब ठेवायची, एवढे सांगायला पाच मिनिटे पुरतात. मात्र ते सासूबाईंच्या देखत सांगायला हवे, कारण घरात शब्द त्यांचा चालतो. आरोग्य खात्याच्या आढावा बैठकीत विचारला जाणारा आकडा बहुधा वाटपाचा असतो. त्याऐवजी कार्डावर 'त्रास काय झाला' असा रकाना ठेवावा, आणि तो विचारून भरण्याचा वेगळा मोबदला आशाताईंना द्यावा.