घरच्यांना त्रास नको म्हणून

कोल्हापुरात एखादी गोष्ट आवाज न करता केली, की ती केलीच नाही असं धरतात. कुस्ती म्हटली की हलगी पाहिजे. बुलेट घेतली तर ती गंगावेशीतून निघाल्याचं रंकाळ्याला कळलं पाहिजे. गणपतीत तर तालमीच्या डॉल्बीवर आमच्या खिडकीची तावदानंच ठेका धरतात. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, असं २००० सालच्या नियमांत लिहिलंय. ते मनापासून पाळणारा आमच्या गल्लीत बहुधा मी एकटाच, कारण मी इलेक्ट्रिक गिटार हेडफोन लावून वाजवतो.

घरच्यांना त्रास नको, एवढाच उद्देश. सगळा त्रास तिथूनच सुरू झालाय.

माझ्या कानात ड्रम असतात, बेस असतो, व्हायोलिनांचा ताफा असतो आणि सगळ्यांच्या पुढे मी असतो. घरच्यांच्या कानात टिक, टिक, टिणिंग, टिक. या गिटारीला पोकळ पेटी नसते. ॲम्प्लिफायर नसला तर तिचा आवाज पाल चुकचुकल्याइतका. त्यात मधूनमधून मी बेसूर गुणगुणतो म्हणे. (हेडफोनवाल्याला आपण गुणगुणतोय याचा पत्ता नसतो. हा आरोप त्याला कधीच खोडून काढता येत नाही.) सुरुवातीला आईनं पंख्याचं बेअरिंग गेलं म्हणून माणूस बोलावला होता. मग तिनं दारातून मला नीट बघितलं.

"तोंड का वाकडं कराय लागलास रे? काय दुखतंय का?"

तार बोटानं ओढून सूर वर चढवताना जगातल्या भल्याभल्या गिटारवाल्यांचं तोंड वाकडं होतं. आवाज ऐकू येत असला की लोक त्याला भाव म्हणतात. आवाज नसला की आई ओवा देते.

गिटार हेडफोनला जोडायची, यात काय एवढं, असं वाटेल. गिटारीची पिन ६.३५ मिलिमीटरची, हेडफोनची ३.५ची. कन्व्हर्टर लावून थेट खुपसली तर आवाज येतो जेमतेम, तोही एका कानात. याचं कारण मला शेजारच्या मामांनी सांगितलं. मामा मोटार वाइंडिंगचं काम करतात. गिटार उलटसुलट करून त्यांनी तारांखालच्या पट्टीकडं बोट दाखवलं. ते पिकअप, आत लोहचुंबक आणि त्यावर केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज तयार होते. "म्हंजे कॉइलच की!" मामा खूश. "पण ही वीज किती, चिमूटभर. हेडफोन हलवायला जोर कुठनं येणार? मध्ये ॲम्प्लिफायर पायजेच." आणि जाता जाता, "जळली तर सांग, भरून देतो."

मग छोटा ॲम्प्लिफायर आला. त्याला हेडफोनचं भोक, शिवाय मोबाइलवरचं गाणं आत सोडायला वेगळं भोक. एवढ्या वायरी बघून बायको म्हणाली, "अहो, ब्लूटूथचा घ्या की." घेतला. ब्लूटूथवर गाणं छान ऐकू येतं, पण स्वतःचं वाजवणं पोचायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागू शकतो. ऐकायला किरकोळ वाटतं. हवेत आवाज तेवढ्या वेळात सत्तर मीटर जातो. म्हणजे मी घरात तार छेडायची आणि ती चौकातल्या चहाच्या गाड्यावरून ऐकायची. मेंदू म्हणतो अजून वाजलं नाही, बोट म्हणतं मी पुढच्या सुरावर पोचलो. त्या भांडणात समेचं वाटोळं. ब्लूटूथ आता बायको वापरते, मालिका बघायला. मी परत वायरीत.

वायरीत आलं की आमच्या जुन्या घराचं वायरिंग कानात बोलतं. ५० हर्ट्झची एक अखंड घरघर. तारांवर हात ठेवला की कमी होते, उचलला की पुन्हा हजर. स्वयंपाकघरात चटणीला मिक्सर लागला की तो सोलो घेऊनच थांबतो. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली दोन कॉइली उलटसुलट जोडून ही घरघर मारायची युक्ती काढली, त्यालाच हंबकर म्हणतात. माझी गिटार स्वस्तातली, एकेका कॉइलीची.

खरी गंमत गाण्याबरोबर वाजवण्यात. मी आर. डी. बर्मन यांच्या काळातली गाणी लावतो. त्यांच्या ताफ्यात भूपिंदर सिंह गिटार वाजवत. गझलगायक म्हणून आपण ज्यांना ओळखतो तेच. टेपवरच्या जुन्या गाण्यांची पट्टी कधीकधी धड या सुरात नसते, धड त्या सुरात नसते. टेप जरा जोरात फिरली की गाणं वर सरकतं. मग सहाच्या सहा तारा त्या गाण्यापुरत्या पिळायच्या, आणि पुढचं गाणं लागलं की पुन्हा सैल. पण एकदा जुळलं की काय सांगू! कानात दोन गिटारी एकजीव होतात. जे झकास वाजलं ते मी, आणि जिथं खरखरलं तिथं रेकॉर्डिंग जुनं. हल्ली गाण्यातली गिटार तेवढी पुसून टाकणारी ॲपं निघाली आहेत. भाच्यानं मला एक घालून दिलं. भूपिंदर नसलेलं ते गाणं मी एकदा वाजवून बघितलं आणि ॲप काढून टाकलं. मोबाइलमध्ये जागा नव्हती.

हाका मारून मी उठत नाही, म्हणून घरच्यांनी जेवायला बोलवायची स्वतंत्र पद्धत बसवली आहे. जिन्याखालचा एमसीबी खाली करतात. पंखा थांबला, गाणं थांबलं, की समजायचं रस्सा ताटात पडला.

परवा रात्री अकराच्या पुढं, ऐन अंतऱ्यात, पायात अडकून हेडफोनची पिन निघाली. स्पीकर मोकळा झाला आणि मला बटण सापडेपर्यंत गल्लीनं माझं वादन पहिल्यांदा ऐकलं. सकाळी मी मान खाली घालून दूध आणायला निघालो. शाहू महाराजांनी थोर गवई अल्लादियाखाँसाहेबांना आणून बसवलं ते हे गाव. इथं आवाजाची तक्रार कोण करतंय? कट्ट्यावरचे आजोबा म्हणाले, "मधीच का तोडलंस? आम्ही पुढच्या ओळीची वाट बघत बसलोय." तालमीच्या पोरानं डॉल्बीला जोडायची पिन कोणती लागते ते विचारून घेतलं. वाजवणं कसं होतं यावर मात्र कुणी चकार शब्द काढेना.

रविवारी मामा टेस्टर आणि हिरव्या वायरीचं भेंडोळं घेऊन दारात. "वाजीवलास बरा," ते चप्पल काढत म्हणाले, "पण घरघर लई येत होती. तुमच्या घराला अर्थिंगच न्हाई. मीटर कुठाय?"