कोळसा आमचा, राख आमची, अंधारही आमचाच?

आम्हा विदर्भातल्या शेतकऱ्यांना पुन्हा रात्रीचीच लाईन! गव्हाला ओलित करायचं तर मोटरला लागणारी थ्री फेज वीज आठ तास, तेही अर्ध्या रात्री. टॉर्च तोंडात धरून धुऱ्यावरून चाचपडत मोटरपर्यंत जायचं, पायाखाली साप, तुरीत रानडुकरं. स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं की मोटर नुसती घुरघुरते, कारण व्होल्टेजच नाही. दोन सारे (वाफे) भिजले की लाईन गेली! डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली तर वर्गणी काढा, ती न्यायला-आणायला ट्रॅक्टर लावा, वाट पाहा. पीक थांबतं का?

आणि वीज बनते कुठे? आमच्याच उशाशी! चंद्रपूरचं केंद्र एकटं २९२० मेगावॉटचं, शिवाय नागपूरजवळची कोराडी, खापरखेडा केंद्रं. कोळसा वणी-घुग्घुसचा. जमिनी आमच्या गेल्या, राख आमच्या कपाशीवर, दोरीवरच्या धुण्यावर. पावसाळ्यात खाणीत पाणी शिरलं, कोळसा ओला झाला, की आधी लाईन कुणाची तोडता?

मे महिन्यात इथं पारा ४५ च्या वर जातो. इतकं ऊन असताना कोळशाच्याच तोंडाकडे किती दिवस पाहायचं? शेतीला दिवसा सौर वीज द्यायची सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ ची! मग आमच्या फीडरवर (शेतीच्या वीजवाहिनीवर) अजून का नाही? दिवसा वीज द्या. रात्रीच्या ओलितात माणसं मरतात हो!