गावची शाळा गुपचूप कशी जाऊ द्यावी

आधी एक शब्द पाठ करून ठेवा, भाऊ. शाळा बंद होत नसते, तिचं ‘समायोजन’ होतं. बंद पडतात त्या जिनिंग, सूतगिरण्या आणि रात्रीच्या मुक्कामी एसट्या. शाळेतली लेकरं फक्त पलीकडच्या गावात नेऊन बसवतात आणि मास्तरला ‘अतिरिक्त’ म्हणतात. 2017 साली दहापेक्षा कमी पटाच्या 1,300 हून अधिक शाळांचं असंच भलं करायचं ठरलं होतं. सप्टेंबर 2023 मध्ये वीसच्या आतल्या पटाच्या शाळांसाठी ‘समूह शाळा’ निघाली, म्हणजे बारक्या शाळा मिळून एकच मोठी. नमुना म्हणून नंदुरबारचं तोरणमाळ आणि पुण्याचं पानशेत दाखवलं. आपल्या गावचा नाला नमुन्यात कुणी धरला नाही, ते मनाला लावून घेऊ नका.

शाळा जायला हवी तर आधी पट गेला पाहिजे. त्यासाठी फार काही करावं लागत नाही, बरंचसं करायचं राहू द्यावं लागतं. 30 सप्टेंबरला पट मोजतात आणि त्यात आधार जुळलेली लेकरंच धरतात. समजा एखादा पोट्टा रोज शाळेत येतो, खिचडी खातो, पाढेही म्हणतो, पण त्याच्या आधारवर बापाचं नाव चुकलंय. तर तो संचमान्यतेपुरता, म्हणजे पटावरून मास्तर मंजूर करायच्या हिशेबापुरता, जन्मलेलाच नाही. त्याला आधार केंद्रावर न्यायची घाई करू नका. पऱ्हाटी वेचून झाली, दिवाळी झाली, की बघू. वीटभट्टीवर जाणारे लेकरं सोबत नेतात, नेऊ द्या. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते, ती मागायला जाल तर लेकरू गावातच राहील आणि पट वाढेल.

उरलेला पट कॉन्व्हेंटची पिवळी गाडी नेईल. गावातल्या पहिल्या चार मोठ्या माणसांनी आपली लेकरं त्या गाडीत बसवली की बाकीचे कर्ज काढून बसवतात. मोठ्या माणसांनी 15 ऑगस्टला मात्र झेडपीच्याच शाळेत यावं, झेंडा फडकवावा आणि मराठी शाळा टिकली पाहिजे यावर वीस मिनिटं बोलावं. लेकरं उन्हात बसतात. बसू द्या, वर्गाचं छप्पर उन्हापेक्षा धोक्याचं आहे.

शिक्षकांचं तुम्ही पाहू नका, ते वरून होतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात साठ लेकरांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक लिहिलेले आहेत. मग 15 मार्च 2024 चा शासन निर्णय आला. सहावी ते आठवीत वीसपेक्षा कमी लेकरं असली तर शिक्षक शून्य. आता शून्य शिकवायलाही कुणीतरी लागतं, पण हिशेब वित्त विभागाचा आहे, गणिताच्या मास्तरचा नाही. जानेवारी 2025 मध्ये खिचडीसोबतच्या अंड्याचे पैसेही थांबले. अंडं थांबल्यावर कुणी बोललं नाही म्हणून पुढचं सोपं गेलं, असं मला वाटतं.

खरी भीती बायांची. कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक लागतात आणि निम्म्या बाया. समिती असू द्या, फक्त तिची बैठक होऊ देऊ नका. समायोजनाच्या ठरावाचं रजिस्टर वावरात न्यावं, कापूस वेचता वेचता सही घ्यावी, आणि काय लिहिलंय असं विचारलंच तर “खिचडीचं हाये” म्हणावं.

आमच्या शेजारच्या गावात हे चुकलं. एका बाईनं सही करायच्या आधी रजिस्टर वाचलं. ती शिकली होती ह्याच शाळेत, म्हणजे दोष शाळेचाच. मग बायांनी ग्रामसभा लावून ठराव घेतला. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत पाहिजे, असा नियम कुणाच्या तरी पोरानं मोबाइलवर काढून वाचून दाखवला. कागदावर पलीकडची शाळा नऊशे मीटर होती. बायांनी फटफटी काढायला लावली, काट्यावर मोजलं, पावणेदोन किलोमीटर निघालं. नाला मधात. साहेबांचं नऊशे मीटर खोटं नव्हतं, ते कावळ्याच्या सरळ उडण्याचं होतं.

एवढ्यावर थांबत्या तरी चाललं असतं. सोमवारी त्यांनी सतराच्या सतरा लेकरं ऑटोत कोंबली आणि पंचायत समितीच्या व्हरांड्यात शाळा भरवली. प्रार्थना झाली, हजेरी झाली, बे एके बे सुरू झालं. खिचडीचा गंजही सोबत होता. साहेब बाहेर आले.

“बाई, लेकरं इथं काऊन आणले?”

“समायोजन केलं, साहेब. तुमच्या इथं पंखे हायेत.”

तेराच्या पाढ्यापर्यंत साहेबांनी दम धरला. तेरा साते एक्क्याण्णवला फोन लावला. समायोजनाचा आदेश ‘पुनर्विचारार्थ’ थांबला आणि ती शाळा अजून चालूच आहे. असलं तुमच्या गावात होऊ नये म्हणून आंदोलनाची हौस वेळीच जिरवून टाका. निवेदन द्या. एकच कागद नऊ जणांनी धरावा, साहेबांनी धरल्यासारखं करावं, फोटो काढावा, ग्रुपवर टाकावा. पोच मागू नये. तारीख तर मुळीच विचारू नये, तारीख विचारली की माणूस दुसऱ्यांदा येणार हे साहेबांना कळतं.

इतकं सांभाळलंत तर दोनतीन वर्षांत शाळेला कुलूप लागेल. इमारत मात्र पाडू देऊ नका, मतदान केंद्र तिथंच असतं. मतदानाच्या आदल्या दिवशी थकलेल्या बिलाचा मीटर जोडला जातो, नळाला पाणी येतं, म्हाताऱ्यांसाठी रॅम्प होतो. फळ्यावर कोपऱ्यात शेवटच्या दिवसाचं ‘पट 17, हजर 16’ अजून असेल. ते पुसायला जाऊ नका, बूथ क्रमांकाचा कागद नेमका त्यावरच चिकटवतात.