आत्याची गोळी आणि ४० हर्ट्झचा आवाज

गेल्या महिन्यात सांगली-मिरजेकडच्या आमच्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरला. ‘४० हर्ट्झचा आवाज रोज तासभर हेडफोनवर ऐकवा. मेंदूतला कचरा धुऊन निघतो, अल्झायमर मुळापासून बरा होतो. अमेरिकेत सिद्ध झालंय. आपल्या मिरजेच्या तंबोऱ्यात हेच स्पंदन आहे. गोळ्यांची गरज नाही.’ खाली तासाभराची ऑडिओ फाइल. तासगावला अल्झायमर झालेल्या माझ्या आत्याला घरच्यांनी ती नऊ दिवस ऐकवली आणि तिची त्या आजाराची गोळी बंद केली, म्हणून लिहितोय.

‘कचरा धुऊन निघतो’ हे अगदीच हवेतलं नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या ली-ह्युए त्साई यांच्या गटाने २०१६ मध्ये सेकंदाला ४० वेळा लुकलुकणारा प्रकाश दाखवून, आणि २०१९ मध्ये त्याच वेगाचा आवाज ऐकवून, अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमायलॉइड हे प्रथिन कमी झाल्याचं दाखवलं. पण कोणाच्या मेंदूतलं? उंदरांच्या, आणि तेही जनुकं बदलून आजारी पाडलेल्या. उंदराला आपणहून अल्झायमर होत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला ग्योर्गी बुझाकी यांच्या प्रयोगशाळेने प्रकाशाचा प्रयोग पुन्हा करून पाहिला, तर त्यांना अमायलॉइड घटलेलं दिसलं नाही. चीनमध्ये म्हाताऱ्या माकडांना आठवडाभर हा आवाज ऐकवल्यावर मेंदूभोवतीच्या द्रवात अमायलॉइड वाढलं. मेंदूतलं प्रथिन बाहेर पडतंय, असा त्याचा अर्थ लावला गेला. लागू दे तसा अर्थ, पण द्रवातलं प्रथिन वाढणं वेगळं आणि आठवण परत येणं वेगळं.

‘सिद्ध झालंय’ म्हणायला माणसांवरचा मोठा पुरावा लागतो. २०२२ मध्ये एमआयटीच्याच गटाने सौम्य अल्झायमरच्या १५ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. प्रकाश आणि आवाज दोन्ही एकत्र, रोज तासभर, तीन महिने. काही आशेच्या खुणा दिसल्या. मला या संशोधनाबद्दल खरंच उत्सुकता आहे आणि ते यशस्वी व्हावं असं मनापासून वाटतं. पण १५ माणसांवरून ‘मुळापासून बरा’ असं त्या शास्त्रज्ञांनीही म्हटलेलं नाही.

आता तंबोरा. मिरजेच्या तंतुवाद्यांचा मला फार अभिमान आहे, २०२४ मध्ये इथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणूनच त्यांच्या नावावर खोटं खपवलेलं सहन होत नाही. काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या स्वराची तार, साधारण ६९ हर्ट्झवर बोलतो, मधल्या जोडाच्या तारा १३८ च्या आसपास. जवारी (घोडीवर तार हलकेच टेकून झणझणते ती जागा) उघडल्यावर जी झंकार उठते ती त्याच्याही वरच्या स्वरांची असते. यात ४० कुठे बसतं? मुळात उंदरांच्या त्या प्रयोगातले ४० हर्ट्झ हा खालचा स्वर नव्हताच. एक हजारांश सेकंदाची बारीक टिक, दर २५ हजारांश सेकंदांनी एक, अशा सेकंदाला ४० टिका होत्या. मेसेजमधल्या फाइलमध्ये नुसती खोल घुमघुम आहे, आणि ती मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून धड निघतही नाही.

म्हणून हेडफोन आणले, आवाज पूर्ण वाढवला. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा आत्या पलंगावर उठून बसलेली, एका हाताने हेडफोन ओढत होती. “विहिरीवरची मोटार चालू राहिलीय रं, पाणी वाया चाललंय, जा बंद कर.” विहीर बुजवून वीस वर्षं झाली. तासभर ती पुन्हापुन्हा दाराकडे जात राहिली. ज्याला हे काय आहे ते समजत नाही त्याच्या कानात असा आवाज बांधून ठेवणं हा छळ आहे, हे मी तेव्हाच ठामपणे बोलायला हवं होतं. मी गप्प बसलो.

आणि सगळ्यात घातक वाक्य शेवटचं. अल्झायमरमध्ये देतात ती डोनेपेझिलसारखी गोळी रोग बरा करत नाही, हे खरं. पण डॉक्टरांना न विचारता ती बंद केली तर जे भान उरलंय तेही घसरू शकतं. नवव्या दिवशी आत्याने माझ्या वडिलांना, म्हणजे स्वतःच्या भावाला, “पाहुणे कुठले?” म्हणून विचारलं. ते गोळीमुळे की आजारामुळे, हे मी छातीठोक सांगणार नाही. गोळी मात्र डॉक्टरांशी बोलून पुन्हा सुरू केली.

कानाचंच काही करायचं असेल तर आधी ऐकू किती येतं ते तपासा. कमी ऐकू येणं हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. बी-१२ आणि थायरॉइडही तपासून घ्या, त्यांच्यामुळे होणारा विसराळूपणा उपचारांनी सुधारू शकतो. ओळखीचं भजन लावायचं तर जरूर लावा, पण हळू आवाजात आणि माणूस शेजारी बसवून.

हा मेसेज तुमच्या हातून कुणाला गेला असेल तर त्या घरी आजच फोन करा आणि गोळी चालू आहे ना, एवढं विचारा.