ब्रिटनमधला दारोदार प्रचार: फिरत्या मजकुरातले पाच दावे आणि वस्तुस्थिती

ब्रिटनमध्ये निवडणूक लागली की एक मजकूर हमखास फिरतो. त्याचा आशय असा: दारोदार फिरून कुणाचं मत बदलत नाही, निवडणूक फोनच्या पडद्यावर जिंकली जाते, तीही पैसा ओतून, साधा कार्यकर्ता फक्त पत्रकं टाकायला उरला आहे, आणि भारतीय पासपोर्टवाल्यांना तिथे मतच नाही.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे. अमेरिकेतल्या ४९ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सार्वत्रिक निवडणुकीत प्रचारभेटींनी मन वळण्याचं सरासरी प्रमाण त्यात जवळपास शून्य निघालं. पण ब्रिटिश कार्यकर्ता मुळात मन वळवायला दारात जात नाही. तो यादी करायला जातो.

चार-पाच जणांचा गट गल्लीत शिरतो. एकाच्या हातात मतदार यादीचा क्लिपबोर्ड किंवा फोनवरचं अ‍ॅप असतं. तो फुटपाथवर उभा राहून घर क्रमांक आणि नावं सांगतो, बाकीचे दारं वाजवतात. प्रश्न तीनच: यंदा कुणाला, मागे कुणाला, टपालाने की केंद्रावर जाऊन? उत्तर मिळालं की परत येऊन खूण करायची आणि पुढचं दार. दारात वाद घालत बसलं की गल्ली अपुरी राहते, म्हणून यादीवाला हाक मारून परत बोलावतो. सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो एकाच्या उत्तरावर घरातल्या चौघांची नोंद करून टाकल्याने. बाप एका पक्षाचा आणि मुलगी दुसऱ्याची, हे तिथेही सर्रास आहे. अशी यादी घेऊन मतदानाच्या दिवशी निघालं तर विरोधकाचाच मतदार आपण घराबाहेर काढतो.

या नोंदींना जोड मिळते ती मतदानानंतरच्या खुणा केलेल्या यादीची. मत कुणाला दिलं हे त्यात नसतं. कोण मतदानाला आलं एवढंच असतं. पक्षांना ती शुल्क भरून मिळते. आपला समर्थक, पण मतदानाला येईलच असं नाही, असा माणूस त्यातून सापडतो. सगळी मेहनत त्याच्यासाठी असते.

मतदान सकाळी ७ ते रात्री १०. केंद्राबाहेर रोझेट, म्हणजे पक्षाच्या रंगाचं फितीचं फूल, लावलेले पक्षाचे लोक मतदाराला यादीतला क्रमांक विचारतात. सांगणं बंधनकारक नाही. क्रमांक कार्यालयात गेले की आलेली नावं कटतात आणि उरलेल्या समर्थकांची दारं पुन्हा वाजतात. १९४५ मध्ये इंग्लंडमधल्या रेडिंग शहरात मजूर पक्षाचे इयान मिकार्डो यांनी ही पद्धत कागदी पॅडवर बसवली होती. आज ती अ‍ॅपवर चालते. टपाली मतपत्रिका मात्र दोनेक आठवडे आधीच घरी पोचतात, त्यामुळे त्या मतदारांना शेवटच्या दिवशी आठवण करून फारसा उपयोग नसतो. शिवाय मे २०२४ पासून प्रचारकाने जवळच्या कुटुंबाबाहेरच्या किंवा स्वतः काळजी घेत नसलेल्या मतदाराची टपाली मतपत्रिका हाताळणं हा गुन्हा आहे.

आता पडद्याचा मुद्दा. जुलै २०२४ च्या संसदीय निवडणुकीत रिफॉर्म यूके या उजव्या पक्षाला १४.३ टक्के मतं आणि ५ जागा मिळाल्या. लिबरल डेमोक्रॅट्स या मध्यममार्गी पक्षाला १२.२ टक्के आणि ७२ जागा, म्हणजे मतं कमी तरी जागा कितीतरी जास्त. डावपेची मतदानाचा, म्हणजे नावडत्या पक्षाला पाडण्यासाठी जिंकू शकणाऱ्या दुसऱ्याला मत देण्याचा, त्यात मोठा वाटा होता, हे मान्य. पण कुठल्या मतदारसंघात माणसं लावायची हे लिबरल डेमोक्रॅट्सनी कटाक्षाने ठरवलं होतं. पुढे मे २०२५ मध्ये रिफॉर्मने इंग्लंडमधल्या रनकॉर्नची पोटनिवडणूक ६ मतांनी जिंकली. सहा मतं म्हणजे एका गल्लीतली दोन-तीन घरं!

पैशाचं गणित उघड आहे. २०२४ मध्ये शहरी मतदारसंघातल्या उमेदवाराची अंतिम टप्प्यातली खर्चमर्यादा ११,३९० पौंड अधिक प्रतिमतदार ८ पेन्स होती. ७५,००० मतदार धरले तर १७,३९० पौंड. पत्रकं आणि उमेदवाराच्या ऑनलाइन जाहिराती त्यातच बसवायच्या. टीव्ही-रेडिओवर राजकीय जाहिरातींना बंदीच आहे. पक्षाचा देशपातळीवरचा खर्च वेगळा मोजतात, मर्यादा लढवलेल्या प्रत्येक जागेमागे ५४,०१० पौंड. ही फट मोठी आहे आणि तिच्यावर टीका व्हायलाच हवी. मात्र स्वयंसेवकाने स्वतःच्या वेळेत विनामोबदला केलेलं काम खर्चात धरत नाहीत. म्हणून चाळीस चालणारी माणसं ज्याच्याकडे आहेत, तो उमेदवार खरा श्रीमंत.

कार्यकर्त्याला किंमत नाही, असंही नाही. २००५ मध्ये हुजूर (कंझर्व्हेटिव्ह) पक्षाचे तेव्हाचे नेते मायकेल हॉवर्ड यांनी पक्षाच्या सदस्यांचा नेता निवडीतला अंतिम कौल काढून घेण्याचा प्रस्ताव आणला. त्याच वर्षी सुरू झालेल्या कंझर्व्हेटिव्हहोम या ब्लॉगने त्याविरुद्ध मोहीम चालवली. प्रस्तावाला बहुमत मिळालं, पण आवश्यक दोन-तृतीयांश नाही. डिसेंबरमध्ये डेव्हिड कॅमेरून सदस्यांच्याच मतांनी नेते झाले. उमेदवार निवडताना मुख्यालय अनेकदा स्थानिकांना डावलतं, ही कार्यकर्त्यांची तक्रार मात्र रास्त आहे.

शेवटचा दावा तर साफ चुकीचा आहे. ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहणारा १८ वर्षांवरचा भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधीपर्यंत नाव नोंदवावं लागतं. केंद्रावर ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. आणि एकेक मत मोलाचं असतं: लंडनमधल्या हेंडन मतदारसंघाचा निकाल २०२४ मध्ये १५ मतांनी लागला.